दूरची दुर्बीण आणि आपली मुले

गणपती ही विद्येची देवता. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एक तरी लेख मुलांच्या शिक्षणाविषयी असावा, असा आपल्या ज्येष्ठ मंडळींचा आग्रह असतो. यंदा ते काम आमच्याकडे आले. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरी करणारे आम्ही साधे कर्मचारी. पण गेल्या वर्षी मंडळाच्या खोलीत दर रविवारी मुलांचा जो उपक्रम चालला, त्याची सुरुवात आमच्या हातून झाली. त्यामुळे त्याचा हिशेब देणेही आमच्याकडेच येते. हिशेब देताना थोडा इतिहासही सांगावा असे वाटले, कारण हा विषय दिसतो तितका नवा नाही.

विषय असा की, दुर्बीण एका देशात, मूल दुसऱ्या देशात, आणि तरी ते मूल त्या दुर्बिणीला सांगते, 'आज मला अमुक तारा दाखव.' दुर्बीण वळते, फोटो काढते आणि पाठवून देते.

बंद खिडक्यांचे ग्रहण

१६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटकातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. अंकोला, गदग, रायचूर या भागात भर दुपारी अंधार झाला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपल्या राज्यात तळ ठोकून होते. गदग आपल्यापासून फार तर दीडशे किलोमीटर. पण त्या दिवशी शहापुरातल्या आमच्या घरी काय झाले, ते वडील सांगतात. दारे-खिडक्या बंद, माठांवर तुळशीपत्र, आणि ग्रहण सुटेपर्यंत सगळे आत. कुणी गदगला गेल्याचे त्यांच्या आठवणीत नाही.

पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, पुन्हा सूर्यग्रहण आले. ऐन दिवाळीचे दिवस. खग्रास पट्टा उत्तर भारतातून गेला, आपल्याकडे ते खंडग्रास होते. आम्ही तेव्हा शाळेत. आजीने आम्हाला अंगणात पाऊल टाकू दिले नाही, पण शेजारच्या काकांच्या घरी टीव्ही होता आणि दूरदर्शन ग्रहण थेट दाखवत होते. आजीचा टीव्हीवर आक्षेप नव्हता. सूर्याभोवतीची ती हिऱ्याची अंगठी आम्ही दहा-बारा मुलांनी शेजाऱ्यांच्या सोप्यात बसून पाहिली. आज वाटते, आमच्यासाठी तीच पहिली दूरची दुर्बीण. फरक एवढाच की ती कुठे वळवायची, हे आमच्या हातात नव्हते.

टपालाने चाललेले खगोलशास्त्र

आपल्या भागात दुर्बिणी कधी नव्हत्याच असे नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून १८८८ साली वेधशाळा उभी केली. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा हे तिचे नाव. डब्लिनच्या ग्रब कारखान्यात घडलेली २० इंची आरशाची दुर्बीण तिथे होती आणि त्या काळी ती देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन करमाळ्याजवळच्या जेऊरला गेले. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची तुकडीही त्याच जेऊरला उतरली होती. आकाश पाहायचे तर माणसाने आणि यंत्राने जागेवर जायचे, हाच तेव्हाचा नियम. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एक वेधशाळा संपली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. तिचे कारण शेवटी येईल.

त्याच काळात बागलकोटला एक शिक्षक राहत होते, व्यंकटेश बापूजी केतकर. 'ज्योतिर्गणितम्' आणि 'केतकी ग्रहगणितम्' या ग्रंथांचे कर्ते म्हणून पंचांग पाहणाऱ्या घरांत त्यांचे नाव आजही माहीत आहे. त्यांच्याजवळ मोठी दुर्बीण नव्हती. होते ते गणित आणि टपाल खाते. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख छापून आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असावेत, त्यातल्या एकाला सूर्याभोवती फिरायला सुमारे २४२ वर्षे लागावीत, असे त्यांनी मांडले होते. १९३० साली अमेरिकेत प्लुटो सापडला. त्याचा फेरा सुमारे २४८ वर्षांचा निघाला. प्लुटो फार लहान असल्यामुळे हा मेळ योगायोगाचा आहे, असे आजचे शास्त्र म्हणते आणि ते आपण मान्य केले पाहिजे. पण बागलकोटच्या एका शिक्षकाचे गणित पॅरिसला वाचले गेले, हा काही योगायोग नव्हता. ते गणित पोचले, कारण त्यांनी ते पाठवले.

टपालाची दुसरी गोष्ट डॉ. जयंत नारळीकरांची. कोल्हापूरला जन्मलेले हे शास्त्रज्ञ केंब्रिज आणि मुंबई करून पुण्यात स्थिरावले. १९८८ साली तिथे 'आयुका' हे केंद्र सुरू झाले, त्याचे ते पहिले संचालक. मुले सही मागायला आली की ते म्हणत, 'सही नको. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर देईन.' आणि उत्तर देत. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा अशी जपून ठेवलेली पोस्टकार्डे घराघरांतून बाहेर निघाली असतील. त्यांच्याच आयुकात मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. तिची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून, सुनीताबाईंच्या पुढाकाराने झाली. 'पुलस्त्य' हे तिचे नाव. सप्तर्षींतला एक तारा आणि आपले पुलं, दोघेही त्यात आले. पुलं काही काळ आपल्या आर.पी.डी. कॉलेजात मराठी शिकवत होते, हे बेळगावकरांना नव्याने सांगायला नको.

होसकोटेहून हानले

पोस्टकार्डाच्या जागी उपग्रह आला, तेव्हा दुर्बीण खरी 'दूरची' झाली. त्याचे देशातले ठळक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बेंगळूरजवळच्या होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे केंद्र आहे. तिथल्या खोलीत बसून शास्त्रज्ञ जी दुर्बीण चालवतात, ती दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर लडाखमधल्या हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर उभी आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ही हिमालयन चंद्र दुर्बीण. आरसा दोन मीटर व्यासाचा. सप्टेंबर २००० मध्ये तिने पहिला प्रकाश टिपला आणि पुढच्या वर्षी उपग्रहाच्या दुव्यावरून होसकोटेहून ती चालू लागली.

असे का करावे लागले? हानलेचे आकाश कोरडे आणि काळेभोर. ताऱ्यांसाठी सर्वोत्तम. पण तिथे हवा विरळ, दम लागतो, हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. माणसाने तिथे रात्रभर बसण्यापेक्षा यंत्राला तिथे बसवावे आणि माणसाने दूरवरून सांगावे, हे शहाणपणाचे ठरले. २०१८ साली त्याच हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटर आरशाची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण सुरू झाली. तिला रात्रीचा कार्यक्रम दिला की बाकीचे ती स्वतःच करते.

यातली यांत्रिक बाजू आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला समजायला सोपी आहे. पृथ्वीवर जसे अक्षांश-रेखांश, तसे आकाशात प्रत्येक ताऱ्याचे विषुवांश आणि क्रांती असे दोन आकडे असतात. ते दिले की मोटारी दुर्बीण त्या जागी नेतात. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बीण उलट दिशेला सावकाश फिरवत ठेवावी लागते, नाहीतर ताऱ्याचा ठिपका न येता रेघ येते. बाहेर वारा, दमट हवा, पाऊस मोजणारी साधने असतात. धोका दिसला की घुमट मिटतो. डोळ्याच्या जागी कॅमेरा असतो. सगळे मिळून हे शिस्तीतले एक कारखानदारी काम आहे.

गिरवलीची भावंडे

आता मुलांकडे वळू. आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण पुणे-नाशिक रस्त्याच्या बाजूला, घोडेगाव-जुन्नर परिसरात गिरवली येथे २००६ साली सुरू झाली. ती इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड येथील कारखान्यात तयार झाली. त्याच कारखान्याने तशाच दोन मीटरच्या आणखी दुर्बिणी केल्या. एक कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मा येथे गेली, एक हवाई बेटांवरच्या हालेआकाला डोंगरावर आणि एक ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगला. शेवटच्या दोन दुर्बिणींना 'फॉक्स' दुर्बिणी म्हणतात, आणि त्या बांधल्या गेल्या मुख्यतः शाळकरी मुलांसाठी.

डिल फॉक्स हे इंग्लंडमधले गणिती. पुढे सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि त्यातले एक कोटी पौंड या कामाला दिले. शास्त्रज्ञ वापरतात त्याच तोडीची दुर्बीण शाळेतल्या मुलांना मिळावी, असा त्यांचा हेतू. युक्ती पाहा. ब्रिटनमध्ये दिवसा शाळा भरते तेव्हा हवाईत रात्र असते. वर्गात बसलेली मुले संगणकावरून थेट दुर्बीण फिरवतात, अर्ध्या तासात आपले फोटो घेतात आणि पुढच्या तासाला गणित करतात. २००४ च्या सुमारास हे सुरू झाले. पुढे या दोन्ही दुर्बिणी लास कुंब्रेस वेधशाळेच्या जगभर पसरलेल्या जाळ्यात सामील झाल्या.

हा विचारही फॉक्स यांच्या आधीचा. अमेरिकेत माउंट विल्सनवरची २४ इंची दुर्बीण १९९३ पासून शाळांना दूरवरून वापरायला मिळू लागली. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राने त्याच दशकात 'मायक्रोऑब्झर्व्हेटरी' नावाच्या छोट्या, सहा इंची आरशाच्या दुर्बिणी खास विद्यार्थ्यांसाठी उभ्या केल्या. त्या फुकट आहेत आणि जगातल्या कुठल्याही मुलाला खुल्या आहेत. त्या थेट चालवता येत नाहीत. आपण मागणी नोंदवायची, दुर्बीण रात्री ती पुरी करते आणि एक-दोन दिवसांत फोटो ईमेलने येतो. पोस्टकार्डाचीच रीत म्हणा ना.

तिसरी रीत आहे तयार फोटोंत शोध घेण्याची. २००६ पासून टेक्सासमधल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून लघुग्रह शोधण्याची एक आंतरराष्ट्रीय मोहीम चालते. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळाने घेतलेले फोटो मुलांना मिळतात. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका सरकतो तो लघुग्रह असू शकतो. २०२० साली सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींनी असाच एक ठिपका शोधला आणि देशभर त्यांचे कौतुक झाले.

शहापुरातला प्रयोग

हे सगळे वाचून गेल्या वर्षी आम्हाला वाटले, आपली मुले का नकोत? खर्च जवळजवळ नाही. मंडळाचा जुना लॅपटॉप, एका सभासदाने दिलेला प्रोजेक्टर आणि मोबाईलचे इंटरनेट. मराठी शाळांतली सातवी ते नववीची चौदा मुले जमली. सहा इंची दुर्बिणींची मागणी नोंदवायची ठरली. त्या दुर्बिणींपैकी काही अ‍ॅरिझोनातल्या डोंगरावर आहेत. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा. हे घड्याळाचे गणित मुलांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर सोडवले.

आमची पहिली फजिती लगेच झाली. ऑगस्ट महिना होता, गणपती जवळ आलेले. मुलांनी देवयानी दीर्घिकेचा फोटो मागितला. आला तो नुसता करडा चौकोन. पुन्हा मागितला, पुन्हा तेच. मुले हिरमुसली आणि आमचे तोंड उतरले. मग शोध घेतला तेव्हा कळले की अ‍ॅरिझोनातही जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळा असतो आणि तिथल्या दुर्बिणींनाही तो काळ वाईटच. म्हणजे आपण शहापुरात छत्री घेऊन बसलेलो, आणि तिकडेही ढगच. एक मुलगा म्हणाला, "काका, वाळवंटात पण पाऊस?" त्या दिवशीचा तास भूगोलाचा झाला.

दुसरी अडचण भाषेची. सूचना सगळ्या इंग्रजीत. काही मुले पहिल्या पानावरच थबकली. आम्ही भाषांतर करून देणार होतो, पण एक मुलगी म्हणाली, आम्हीच करतो. त्यांनी मोठ्या कार्डशीटवर तक्ता केला. 'एक्स्पोजर' म्हणजे कॅमेऱ्याने प्रकाश घेण्याचा वेळ. 'फिल्टर' म्हणजे एकच रंग आत सोडणारी काच. तो तक्ता अजून मंडळाच्या खोलीत लावलेला आहे. त्यातले दोन शब्द चुकले आहेत, तेही आम्ही तसेच ठेवले.

दिवाळीनंतर आकाश उघडले. डिसेंबरमध्ये मुलांनी मृग नक्षत्रातला तेजोमेघ मागितला. लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन वेगळे फोटो, प्रत्येकी साठ सेकंदांचे. तीनही फोटो काळे-पांढरेच येतात. ते एकावर एक बसवून रंग आणायचा असतो. पहिल्या वेळी ते नीट जुळले नाहीत आणि प्रत्येक ताऱ्याला तीन रंगांची सावली आली. फोटो खूप मोठा करून पाहिला तेव्हा तो चौकोनी ठिपक्यांचा बनलेला दिसला, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मागे एक आकडा. वडगावच्या विणकर घरातल्या एका मुलीने लगेच ओळखले. "काका, बाबांच्या कागदावर साडीच्या काठाची नक्षी अशीच असते. चौकोन मोजायचे आणि भरायचे." आम्ही डिप्लोमाला जे पाठ करून विसरलो, ते तिने घरातल्या मागावरून उचलले. तीनही फोटो चौकोन मोजून तिनेच सरकवले आणि तारे जुळले.

त्या रात्री सगळे मंडळाच्या गच्चीवर गेले. मृग डोक्यावर होता. त्याच्या त्रिकांडाखालचा अंधुक ठिपका साध्या डोळ्यांनीही दिसत होता. तिथला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे तेराशे वर्षे लागतात, असे आम्ही सांगितले. तो निघाला तेव्हा बदामीला चालुक्यांचे राज्य होते. एका मुलाची आजीही गच्चीवर आली होती. तिने विचारले, "मिरग तर जूनमध्ये लागतो. पेरणीचा तो. हा थंडीत कुठून आला?" प्रश्न अगदी बरोबर होता. जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून आपण 'मिरग लागला' म्हणतो आणि म्हणूनच तेव्हा ते नक्षत्र दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य पलीकडे गेला की ते रात्रभर दिसते. हे उत्तर आम्ही दिले नाही. एका आठवीच्या मुलाने टॉर्च आणि दोन नारळ घेऊन आजीला दाखवले. आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं मिरग पाळला, पण बघितला आत्ता."

एका पालकाने आम्हाला सरळ विचारले होते, "इंटरनेटवर याहून हजारपट सुंदर फोटो फुकट मिळतात. तुमच्या या धूसर चित्राचा उपयोग काय? आणि दहावीला याचे मार्क मिळतात का?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मिळत नाहीत. पहिल्याचे उत्तर द्यायला आम्हाला काही महिने लागले. त्या सुंदर फोटोत मुलाचे काहीच नसते. या धूसर फोटोत कुठे पाहायचे, किती वेळ पाहायचे, कोणत्या काचेतून, हे त्याने ठरवलेले असते. चूकही त्याची आणि दुरुस्तीही त्याची. पाठ केलेले शास्त्र आणि केलेले शास्त्र यांत हाच फरक असतो.

दूरची दुर्बीण म्हणजे सगळे काही, असेही आमचे म्हणणे नाही. गच्चीवर जाऊन मान वर केल्याशिवाय तो फोटो नुसता पडद्यावरचा फोटोच राहतो. ज्या मुलाने मृग कधी आकाशात पाहिला नाही, त्याला अ‍ॅरिझोनातून आलेला मृग आपला वाटणार नाही. दोन्ही हवे.

यंदाचा प्रश्न

आता नायगमवालांच्या वेधशाळेकडे परत येतो. २० इंची दुर्बीण होती, इमारत होती, तरी एक माणूस निवृत्त झाला आणि पुण्याची वेधशाळा मिटली. आमच्या उपक्रमात तर दुर्बीणही आपली नाही, इमारतही नाही. आहे ती फक्त रविवारची सवय. गेल्या मार्चमध्ये खात्याच्या कामासाठी आम्हाला दोन महिने बाहेरगावी राहावे लागले. त्या काळात वर्ग बंद पडला. परत आलो तेव्हा चौदापैकी सहाच मुले उरली होती. बाकीची शिकवणीला लागली. दोष त्यांचा नाही. चूक आमची, की आम्ही दुसरा माणूस तयार केला नाही.

आपल्या मराठी शाळांतली पटसंख्या वर्षागणिक कमी होते आहे, हे प्रत्येक घराला दिसते. त्यावर सभा होतात, ठराव होतात, ते व्हावेतच. पण जी मुले आज त्या वर्गात बसली आहेत, त्यांना आठवड्याचा एक तास तरी असा मिळावा की त्यांनी घरी जाऊन सांगावे, 'आज मी हे केले.' यासाठी मोठी देणगी लागत नाही. सजावटीचा एक खांब कमी केला तरी वर्षाचे इंटरनेट निघते. लागतात ती रविवारी एक तास देणारी तीन-चार माणसे, म्हणजे एक गावाला गेला तरी दार उघडे राहील. कॉलेजात शिकणारी आपली मुले-मुली, निवृत्त शिक्षक, गृहिणी, कुणीही चालेल. शास्त्र यायलाच हवे असे नाही. आम्हाला तरी कुठे येत होते?

वर्ग विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेदहाला पुन्हा भरेल. अ‍ॅरिझोनातला पाऊस तोवर ओसरत आलेला असेल. जी सहा मुले उरली, त्यांनी पहिल्या मागणीची यादी आधीच करून ठेवली आहे, आणि नव्या मुलांना तक्ता समजावून सांगायचे काम त्या विणकर घरातल्या मुलीने मागून घेतले आहे.

गणपती बाप्पा मोरया!